उसने बूट

तिच्या बाबांचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पॅन्टची उंची कमी करायची, चेन बदलायची, सुटलेल्या पोटासाठी कोटाच्या शिवणी सैल करून द्यायच्या, असली कामं. या देशात ते मिसरूड फुटायच्या वयात आले होते. इथेच लग्न केलं, इथेच दुकान टाकलं, इथेच केस पिकवले. तरी माप देता देता गिऱ्हाईक विचारायचंच, "तुम्ही मूळचे कुठले?" बाबा तोंडात टाचण्या धरून नुसते हसायचे. टाचण्या तोंडात असल्या की उत्तर द्यावं लागत नाही, ही त्यांची जुनी युक्ती.

ती जन्माने इथलीच. दुकानामागे गाड्या लावायची जागा होती, तिथल्या भिंतीवर चेंडू मारत ती वाढली. त्या धपाधपीने बाबांच्या हातातली सुई घसरायची आणि आई गल्ल्यावरूनच म्हणायची की पोरगी एक तर भिंत पाडेल, नाही तर नाव काढेल. पोरीने दोन्ही केलं नाही. ती शाळेच्या फुटबॉल संघात आणि मग शहरातल्या क्लबात बचावफळीत खेळू लागली. गोल करणाऱ्यांची छायाचित्रं छापून येतात. गोल होऊ न देणाऱ्यांची आठवण लोकांना गोल झाल्यावरच येते. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. दिवसा ती शहर बस चालवायची. पहाटे डेपोत जायचं, टायर बघायचे, आरसे पुसायचे, आदल्या पाळीवाल्याने मागे ढकललेली सीट पुढे ओढायची आणि निघायचं. तिकीट दाखवता दाखवता एखादी म्हातारी तिलाही विचारायची, "तू मूळची कुठली गं?" तिच्याकडे टाचण्या नव्हत्या. ती म्हणायची, "डेपोतली."

इथल्या राष्ट्रीय संघाच्या निवड समितीने तिला दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा विसरून गेली. तिने आशा सोडली होती, तोच एके दिवशी बाबांच्या देशातून फोन आला. तिथल्या महिला संघाची प्रशिक्षक परदेशात वाढलेल्या मुली शोधत होती. वडिलांचा जन्म आमच्याकडचा ना, एवढंच तिने विचारलं आणि शिबिराला बोलावलं.

बाबांनी हातातली कात्री खाली ठेवली. "जा," ते म्हणाले. "तिथे तुला कुणी विचारणार नाही, मूळची कुठली म्हणून."

हे वाक्य तिच्या मनात घर करून बसलं. करंडक वगैरे मिळाले तर बरंच, पण ती निघाली ती या एका गोष्टीसाठी. एका तरी ठिकाणी आपण कुणी वेगळ्या नसू, एवढंच तिला हवं होतं.

बाबांनी सुटकेस भरली. रिकाम्या हाताने गेलीस तर लोक काय म्हणतील, या एका मुद्द्यावर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसायचा. तेवीस जणींसाठी मोजे, घोट्याला बांधायच्या पट्ट्या, केसांचे रबर, चॉकलेटं. तिचे स्वतःचे कपडे उरलेल्या फटीत बसले. शिबिरात ती सुटकेस उघडल्यावर पोरींनी नुसता गलका केला. सगळ्यांनी मिळून तिला खिडकीजवळचा खालचा पलंग दिला, अंघोळीला पहिला नंबर दिला आणि त्याच संध्याकाळी नावही दिलं: पाहुणी.

नाव प्रेमाने दिलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

त्या संघात एक रीत होती. सराव संपला की मैदानभर विखुरलेले चेंडू गोळा करून जाळीच्या मोठ्या पोत्यात भरायचे आणि ते धूड पाठीवर घेऊन पलीकडच्या खोलीत नेऊन ठेवायचं. कामाला पाळी होती, पण पाळी ठरवायची कप्तान. कप्तान गोलरक्षक होती. एरवी ती इस्पितळात एक्स-रे काढायची, आणि तिथे रोग्यांना श्वास रोखायला सांगून सांगून तिचा आवाज असा तयार झाला होता की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेलीही श्वास रोखायची. ज्या पोरीने त्या दिवशी माती खाल्ली असेल, तिच्याकडे कप्तान बोट दाखवायची. पोरगी कुरकुरत चेंडू उचलायची, बाकीच्या तिला चिडवायच्या, आणि जेवताना सगळं विसरलेलं असायचं.

पाहुणीकडे ते बोट कधी वळलं नाही. ती आपणहून पोत्याला हात लावायला गेली तर दोघीतिघी धावत यायच्या. "राहू दे गं, इतक्या लांबून आलीस."

वर्षं गेली. ती वर्षातून तीनचारदा जायची आणि प्रत्येक वेळी डेपोतल्या साहेबाला रजेसाठी मस्का लावायची. खेळ तिचा चोख होता. तिला चकवून पुढे जाणं सोपं नव्हतं हे प्रतिस्पर्धीही मान्य करायचे. पण वर्तमानपत्रात 'परदेशातून आलेली बचावपटू' असंच छापून यायचं, आणि संघात ती पाहुणीच राहिली. दर खेपेला नवी सुटकेस, नवी वाटावाटी, खिडकीजवळचा तोच पलंग.

शिबिर आटोपल्यावर ती दोन दिवस आत्याकडे राहायची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिथेही तीच तऱ्हा. नवी चादर, हातात टीव्हीचा रिमोट आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकायची बंदी. बाबा येत तेव्हा त्यांचीही हीच गत. ज्या घरात ते रांगले, त्या घरातल्या सोफ्याच्या कडेवर ते मांडीवर हात ठेवून बसायचे आणि आणलेल्या वस्तू एकेक काढून द्यायचे. आत्या प्रत्येक वस्तूला "कशाला रे एवढं" म्हणायची. त्यापलीकडे दोघा भावंडांचं बोलणं फारसं जायचं नाही.

मग तो सामना झाला. शेवटची काही मिनिटं उरली होती, बरोबरी होती, आणि तिने कप्तानाकडे मागे दिलेला चेंडू तोकडा पडला. समोरची पोरगी टपलेलीच होती. गोल झाला, सामना गेला, स्पर्धाही गेली. खोलीत आल्यावर कप्तानाने एकेकीला फैलावर घेतलं. जिचा काडीचा संबंध नव्हता, त्या राखीव खेळाडूलाही बूट नीट न बांधल्याबद्दल दोन शब्द ऐकावे लागले. पाहुणीपाशी आल्यावर कप्तानाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे. तू दमली असशील प्रवासाने."

त्या हाताचा तिला इतका राग आला की ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि रडून घेतलं. शिव्या खायचाही मान नाही, तर मग इथे येऊन मिळवलं काय?

पुढच्या वेळचं बोलावणं आलं तेव्हा तिने ठरवलं की ही शेवटची खेप. गुडघे बोलायला लागले होते, डेपोतला साहेबही आता मस्क्याला बधत नव्हता. सामने बाबांच्याच गावी होते आणि बाबा स्वतः बघायला येणार होते. त्यामुळे सुटकेस यंदा जरा जास्तच फुगली.

ती सुटकेस पोचलीच नाही. बूट हातातल्या पिशवीत ठेवावेत हे नवख्या खेळाडूलाही कळतं, तसे तिने ठेवलेही होते. पण विमान भरलेलं म्हणून ती पिशवीही दारातच काढून घेतली गेली. मग सुटकेस आणि पिशवी दोघी मिळून भलत्याच शहराच्या सहलीला गेल्या. ती शिबिराच्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या खांद्यावर एक जाकीट होतं, बस्स. पोरींनी सवयीने तिच्या हातांकडे पाहिलं. ती ओशाळली.

"मला बूट लागतील कुणाचे तरी," ती म्हणाली. "आणि मोजे. टॉवेल. सगळंच."

इतक्या वर्षांत तिने या लोकांकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. क्षणभर कुणाला काय करावं ते सुचेना, मग धांदल उडाली. एकीने टॉवेल दिला, एकीने मोजे दिले, त्यातल्या एकाला भोक होतं. पायाचं माप फक्त कप्तानाशी जुळलं. कप्तानाने पलंगाखालून जुने बूट ओढून काढले, त्यांवर गेल्या हंगामाचा चिखल तसाच होता.

दुसऱ्याच्या पायाला सरावलेले बूट, ते ऐकतात होय? सरावात तिचा पहिला चेंडू बाहेर गेला. दुसरा गेला. तिसरा थेट समोरच्या पोरीच्या पायात जाऊन पडला, आणि गोलातून तो एक्स-रेवाला आवाज आला.

"अगं ए! बूट माझे आहेत, पाय तर तुझेच आहेत ना? वापर की मग!"

धावणाऱ्या पोरी जागीच थबकल्या. पाहुणीला असं कुणी कधी बोललं नव्हतं. कप्तानानेही जीभ चावली. पाहुणीने वळून पाहिलं.

"आधी बूट धुवायला शीक," ती म्हणाली. "चिखलाचंच वजन किलोभर आहे."

पोरी खो खो हसत सुटल्या. कप्तानाने कंबरेवर हात ठेवले, बोट उचललं आणि ते सरळ तिच्यावर रोखलं. "आज चेंडू तू उचलणार."

तिने उचलले. कुणी धावत आलं नाही. पोतं दिसायचं त्याहून जड निघालं, टाचेला फोड आला होता, आणि मागून कुणीतरी "हळू हळू, आजीबाई" म्हणून ओरडत होतं. तिला फार बरं वाटलं.

सुटकेस आणि पिशवी सामन्याच्या आदल्या दिवशी आल्या. सामन्यात तिने स्वतःचेच बूट घातले, कारण हौस वेगळी आणि सामना वेगळा. चॉकलेटं मात्र तिने बाहेर काढली नाहीत. सामना बरोबरीत सुटला आणि कप्तान पूर्णवेळ तिच्यावर खेकसत राहिली. तो आवाज प्रेक्षकांत बसलेल्या बाबांपर्यंत शब्दन् शब्द पोचत होता.

त्यामुळे ती सगळ्यांत शेवटी, पाठीवर पोतं घेऊन बाहेर आली तेव्हा बाबा फाटकाशी लालबुंद होऊन उभे होते. एवढं खेळून वर हमाली? आणि ती बाई काय वाट्टेल ते बोलते? ते पोत्याला हात घालायला पुढे झाले.

"सोडा, बाबा. आज माझी पाळी आहे."

तिचा चेहरा पाहून बाबा थांबले. आत्याकडे जाताना गाडीत तिने त्यांना हरवलेल्या सुटकेसची आणि उसन्या बुटांची सगळी हकीकत सांगितली. बाबा खिडकीबाहेर पाहत ऐकत होते.

ती पुढे आणखी दोन हंगाम खेळली. खिडकीजवळचा पलंग एका नव्या पोरीने बळकावला, आणि पाहुणी हे नाव टिकलं तरी हाक मारताना त्याचा अर्थ कुणाच्या ध्यानात राहिला नव्हता. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं.

आत्याच्या घरी बाबा नेहमीसारखे सोफ्याच्या कडेवर बसले. त्यांच्या बॅगेत आत्याच्या यजमानांसाठी आणलेले दोन कोरे स्वेटर होते. बॅग त्यांच्या पायाशीच होती. त्यांनी ती उघडली नाही.

"ताई," ते म्हणाले, "गार वाटतंय गं. भाऊजींचा एखादा जुना स्वेटर आहे का?"

आत्या बघतच राहिली. मग तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. केस पांढरे झाले तरी अंगावर काय घालून निघावं कळत नाही? लहानपणीही असाच, उघडाबोडका हिंडायचास आणि मग रात्रभर खोकायचास, आणि बोलणी कोण खायचं, मी. इतक्या लांब जाऊन बसलास, तिकडे तरी कुणी शिकवलं नाही? बोलता बोलता ती आतून एक तपकिरी स्वेटर घेऊन आली आणि भावाच्या अंगावर जवळजवळ फेकलाच.

बाबांनी तो घातला. सोफ्यावर मागे टेकून बसले. एका बाहीची शिवण कोपरापाशी उसवलेली होती, तिच्यावरून त्यांनी सवयीने बोट फिरवलं.

"सुई-दोरा आण," ते म्हणाले, आणि आत्याने मुकाट्याने आणून दिला.