जिन्यातलं भांडण

चावीवाल्याच्या घरात आवाज चढवायला बंदी होती. त्याची आई बाहेरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. हृदय नाजूक, कान मात्र तिखट. घरात कुणाचा सूर जरा वर गेला की तिला धाप लागायची. म्हणून चावीवाला आणि त्याची पडदे शिवणारी बायको भांडायला जिन्यात जायची. दार हळूच ओढून घ्यायचं, ती वरच्या पायरीवर, तो खालच्या, आणि मग दिवसभराचं साचलेलं बाहेर काढायचं. औषधं कुणी आणायची, दुकान कुणी बंद ठेवायचं, तुझा भाऊ, माझी बहीण. तेही कुजबुजत! ऐन रागाच्या भरात दोघांनाही हसू फुटायचं आणि भांडणातली हवाच निघून जायची. वरच्या मजल्यावरचे मास्तर उतरताना "चालू द्या, चालू द्या" म्हणत अंग चोरून निघून जायचे.

मग आई गेली.

घर मोकळं झालं, औषधांचा वास गेला. दुसऱ्यांची कुलपं उघडणाऱ्या या माणसाने स्वतःच्या तोंडाला मात्र कुलूप लावलं ते लावलंच. काही विचारलं की, तू म्हणशील तसं. तिने भाजी खारट करून पाहिली, चाव्या घासायच्या त्याच्या कानशी उचलून भलतीकडे ठेवल्या. गडी ढिम्म हलला नाही. तिला सासूची आठवण यायची, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त त्या जिन्याची यायची. तिथे तो तिचा असायचा.

एका दुपारी तो जेवून उठल्यावर ती बाहेर गेली आणि आपल्या पायरीवर जाऊन बसली. दार तिने उघडंच ठेवलं. आता आला तर आला, नाहीतर पुन्हा बोलवायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

बऱ्याच वेळाने तो आला. कडी वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी दार हळूच ओढून घेतलं, खालच्या पायरीवर बसला आणि कुजबुजला, "बोल. काय चुकलं माझं?"

मग दोघांनी एकदमच त्या बंद दाराकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "आता मोठ्याने बोललं तरी चालतं."

आई गेल्यापासून तो रडला नव्हता. आता रडला, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असा. उतरत असलेले मास्तर आल्या पावली मागे फिरले आणि ती एक पायरी खाली उतरून त्याच्याशेजारी बसली.