शेवटचा चौकोन

पांचाळ सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला पोरांचं प्रॅक्टिकल घेत होते. फोनवर त्यांची मुलगी होती. "ताई, बाबा सकाळी गेले..." एवढंच बोलली. पोरांना "चालू द्या" म्हणून मी व्हरांड्यात आले आणि पोटभर रडले. त्याला आता दीड महिना होतोय. या माणसानं मला मार्गाला लावलं, आणि आभार मानायला लागलं की "बस बस, चहा सांग" म्हणून विषय बदलायचा. आता सर विषय बदलू शकत नाहीत, म्हणून लिहिते.

भूकंपानंतरची ती वर्षं. लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते, पण आईबाप फीच्या आधी विचारायचे, "वर स्लॅब हाय का पत्रा?" म्हणून सरांनी कॉम्प्युटर क्लास पत्र्याच्या शेडमध्येच थाटला होता. उन्हाळ्यात आम्ही आणि मशिनी, सगळेच भाजून निघायचो. मी देवणीची. आप्पांनी बजावलं होतं, "एक वर्ष दिलं. पास झालीस तर पुढं शिक, न्हाई तर उदगीरचं स्थळ पक्कं समज." आणि 'सी' भाषा तर माझ्या डोक्यावरून जायची!

एकदा प्रोग्राम असा होता, की आधी एक संख्या घ्यायची, मग "आणखी?" असं विचारून एका अक्षरात उत्तर घ्यायचं. माझा प्रोग्राम त्या प्रश्नाला थांबायचाच नाही, आपला आपण पुढं पळायचा. "सर, मशीनच खराब हाय," मी तणतणले. सर हसले. शेडच्या शहाबादी फरशीवर त्यांनी ऑइलपेंटनं दारापर्यंत चौकोन आखले होते, त्यात आम्हाला उभं केलं. "तू दोन. तू पाच. आणि ही रोज उशिरा येणारी देवणीकर, एंटर." स्वतः प्रोग्राम होऊन दारात उभे राहिले. "कळ दाबली की अक्षर लगेच माझ्याकडं येत न्हाई, रांगेत थांबतं. एंटर दाबला की मग रांग सुटते." त्यांनी संख्या मागितली. दोन आणि पाच मिळून पंचवीस होऊन बाहेर गेले, मी तिथंच. "आता उत्तराचं एक अक्षर द्या," म्हणाले, आणि मलाच बोलावलं. "बघ, उत्तर कुणी टाइप केलंच न्हाई, तरी मला अक्षर मिळालं. एंटर बी एक अक्षरच हाय बाई, ते मागं उरतं!" पोरं खो खो हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढं परीक्षेपर्यंत शेवटचा चौकोन माझाच.

परीक्षा आमच्याच शेडमध्ये होती. नेमका तसलाच प्रोग्राम आला आणि नेमका पळाला. बाहेरून आलेले परीक्षक मागं उभे, डोळ्यांपुढं उदगीर. सरांना आत यायची परवानगी नव्हती. मी फरशीकडं पाहिलं, तर चौकोनांवर सतरंजी! सरांनीच सकाळी अंथरलेली. असा संताप आला म्हणता... डोळे मिटून घेतले. संख्या गेली. मग रांगेत कोण उरलं? मीच की! उत्तर घ्यायच्या आधी तो उरलेला एंटर वाचून टाकून देणारी एक ओळ घातली. स्क्रीनवर "आणखी?" आलं आणि प्रोग्राम निमूट थांबला.

निकाल घेऊन सर स्वतः एसटीनं देवणीला आले होते. आप्पांना म्हणाले, "पोरगी तिच्या डोक्यानं पास झाली." आप्पांनी उदगीरचं नाव पुन्हा काढलं नाही.

गेल्या दिवाळीत शेवटचं भेटले तेव्हा मी भांडलेच. "सतरंजी का टाकली होती, सर? माझं लग्न लागलं असतं ना!" ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "तू फरशीवर बघून लिहिलं असतंस, तर मी आप्पांपुढं खोटं बोललो असतो... चहा सांग."

परवा लातूरला जाऊन आले. शेडच्या जागी आता डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांचा क्लास आहे, वर पक्का स्लॅब. फरशी मात्र तीच. झाडू मारणाऱ्या मावशी म्हणाल्या, "लई घासलं बाई, ह्यो डाग निघतच न्हाई." मी चप्पल काढली आणि शेवटच्या चौकोनात जाऊन उभी राहिले. दारात कुणी नव्हतं. तरी हाक येईल म्हणून थांबले.