विमानाचं दावं

गफूरभाई गेल्याची बातमी मला जवळा बाजारच्या आठवडी बाजारात कळली. मी भेंडी निवडत होतो. भाजीवाली म्हणाली, "मास्तर, तुमचे दलाल गेले की पहाटं..." आणि तिनं तराजूतली भेंडी परत टोपलीत ओतली. मी आता भाजी घेणार नाही, हे तिला माझ्याआधी समजलं होतं. तसाच गुरांच्या बाजाराकडे गेलो. बैल उभे होते, माणसं उभी होती, पण सौदा कुणी करत नव्हतं. उभ्या जन्मात बाजाराचा दिवस न चुकवलेला माणूस गेला आणि बाजारच गप्प झाला.

बैलांचा दलाल आणि इंग्रजीचा मास्तर यांची दोस्ती जमली कशी, असं लोक मला आजही विचारतात. सांगितलं तर थापा वाटतात. आमची दोस्ती एका लढाऊ विमानानं जमवली.

महायुद्ध संपून दीडेक वर्ष झालं असेल. निजामी अजून चालू होती. मी हिंगोलीच्या शाळेत नवाच लागलो होतो. एके दिवशी भर दुपारी डोक्यावर असा काही गडगडाट झाला, की मी खडू टाकून बाहेर धावलो. पोरं माझ्या आधीच पसार झाली होती. छावणीच्या मैदानात धुरळ्याचा डोंगर उठलेला, आणि त्यातून निघालं एका पायलटचं लढाऊ विमान! गोव्याकडचा तरणा माणूस होता तो. लष्करातून मोकळा झाल्यावर त्यानं लष्करानंच विकायला काढलेलं हे जुनं विमान साठवलेल्या पगारातून घेतलं होतं. बंदुका काढलेल्या, बाकी ठणठणीत. हैदराबादेत चार पैसे करायला निघाला होता, तेवढ्यात वाटेत तेल गळायला लागलं. दुरुस्ती त्याची त्यानंच केली, पण पुढं जायला पेट्रोल नव्हतं आणि धीरही नव्हता. त्याला इंग्रजी आणि मोडकंतोडकं हिंदुस्थानी येई. म्हणून मला दुभाषा नेमला. "इथंच कुणी घेत असेल तर देऊन टाकतो," म्हणाला.

गुळाला मुंगळे लागावेत तशी गिऱ्हाइकं आली. त्यांत खरी दोनच. एक वाशीमचे शेटजी. त्यांना विमान वितळवून जर्मनची भांडी करायची होती. ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मनच म्हणतात. दुसरा एका जहागीरदाराचा कारभारी. त्या साली जहागिरीतल्या गावांनी लेव्हीचं, म्हणजे सक्तीच्या वसुलीचं धान्य द्यायला नकार दिला होता. हा गडी चहाच्या दुकानात बसून खुशाल सांगत होता, "बंदुका लावायचीबी गरज न्हाई. गावावरून दोनदा खालून फिरवलं का कोठारं आपसूक उघडतेत. उडवणारा हैदराबादेत ठरवून ठेवलाय."

मी चहा तसाच ठेवून उठलो. त्याच गावांतल्या एकात माझी धाकटी बहीण दिलेली होती, पोटुशी होती. विमान शेटजींना मिळावं म्हणून मी सगळ्या देवांना साकडं घातलं.

पण सौदा बसेना. शेटजी पलीकडच्या, इंग्रजी मुलखातले. निजामी हद्दीत कापूस घ्यायचा तर कारभाऱ्याशी उघड वैर परवडत नव्हतं. कारभाऱ्यालाही मालकाचा आकडा जगजाहीर व्हायला नको होता. दोघं एका सतरंजीवर बसायलाही तयार नाहीत. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "गफूर दलालाला बोलवा. त्याच्या रुमालाखाली सक्के भाऊबी भांडत न्हाईत."

गफूरभाई आले. तिशी-पस्तिशीचे, खांद्यावर चौकड्याचा मोठा रुमाल. त्यांनी विमानाभोवती एक फेरी मारली, पोटाखाली वाकून पाहिलं, पाठीवर थाप मारली आणि मला विचारलं, "मास्तर, खोड काय याची?" मी पायलटला विचारलं. तो म्हणाला, "तेल फार पितं." गफूरभाईंनी ते दोन्ही गिऱ्हाइकांना मोठ्यानं ऐकवलं. मग पायलटनं उरल्यासुरल्या पेट्रोलवर इंजिन सुरू करून दाखवलं आणि मैदानात जो हलकल्लोळ झाला, काय सांगू! टोप्या उडाल्या, बैलांनी दावी तोडली, एक बैलगाडी गाडीवानाला मागे टाकून थेट नदीकडे निघाली. मला भीती वाटत होती आणि आनंदही आवरत नव्हता.

मग रुमाल पसरला. ज्यांनी गुरांचा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दलाल गिऱ्हाइकाचा हात रुमालाखाली धरतो आणि बोटांच्या पेरांवर भाव ठरतो. तोंडानं एक शब्द निघत नाही. गफूरभाई इकडून शेटजींचा हात धरत, तिकडून कारभाऱ्याचा. दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे. सारं गाव रुमालाच्या हलण्याकडे डोळे लावून होतं. शेटजींच्या कपाळावर घाम आला, कारभाऱ्याचा चेहरा खुलत चालला.

मी गफूरभाईंना बाजूला ओढलं. म्हटलं, "शेटजींचा भाव जास्त आहे म्हणून सांगा. रुमालाखालचं कोण बघतंय?"

ते म्हणाले, "मास्तर, तुमची भैन त्या गावात हाय, मला ठावं हाय. माजे निम्मे बैल त्याच गावांत नांगर ओढून राहिले. पण रुमालाखाली खोटं बोललो, तर उद्या माजा हात कोन धरंल?"

आणि त्यांनी सौदा कारभाऱ्याला दिला. मला इतका राग आला होता, की तिथंच चार शब्द सुनावणार होतो.

तोच गफूरभाईंचा आवाज चढला. "पाव्हनं, जनावर तुमचं झालं. पण दावं जात न्हाई जनावरासंगं. रिवाज हाय."

आमच्याकडे बैल विकला तरी त्याचं दावं देत नाहीत. दाव्याबरोबर घरातली लक्ष्मी जाते म्हणतात. कारभारी हसला. "इमानाला कशाचं दावं?"

"ज्यानं वळतं ते," गफूरभाई म्हणाले आणि मला म्हणाले, "इचारा साह्यबाला."

मी विचारलं. पायलटनं गफूरभाईंकडे पाहिलं, कारभाऱ्याकडे पाहिलं, आणि विमानाच्या पोटात शिरला. बऱ्याच वेळानं बाहेर आला तेव्हा हातात शेपटी हलवणाऱ्या पोलादी तारेचं वेटोळं होतं. कारभारी शेतकऱ्याचाच पोरगा. भर बाजारात दावं मागायची त्याची छाती होईना. "तारंचं काय, ढीगभर मिळतेत," म्हणाला आणि बैल जुंपून विमान ओढत घेऊन गेला. मी तसाच बहिणीच्या गावाकडे निरोप द्यायला धावलो.

तशी तार काही मिळाली नाही. हैदराबादहून आलेला माणूस आत डोकावून परत गेला. मुंबईला निरोप गेले, उत्तरं आली नाहीत, आणि पुढल्या सालच्या भादव्यात निजामीच संपली. विमानाच्या पंखांवर जहागीरदाराच्या कोंबड्या बसू लागल्या. बहिणीला मुलगी झाली. ती आज आजी आहे.

पुढं जन्मभर मी गफूरभाईंना एकाच गोष्टीवरून छेडलं. चारचौघांत म्हणायचो, "हे बघा, विमानाची दलाली खाल्लेला माणूस!" ते मिशीतल्या मिशीत हसून म्हणायचे, "पोट भरून खाल्ली, मास्तर." ते सगळं जाणून केलं की नुसता रिवाज पाळला, हे मी शंभरदा विचारलं असेल. त्यांचं उत्तर ठरलेलं, "रिवाज हाय."

ते गेल्यावर चाळिसाव्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. अंगणात ती तार ताणून बांधलेली आहे, पहिल्यापासूनच. तिला गंज म्हणून नाही. मी त्यांच्या युसूफला म्हटलं, "तुझ्या अब्बांनी हे दावं चांगलं जपलं रे."

युसूफ म्हणाला, "दावं मालकाचं असतंय मास्तर. दलालाला काहून भेटंल? रिवाजानं ते साह्यबाकडं जायाचं. कारभारी मागून गुपचूप त्याच्याकडून घेऊन गेला असता."

हे माझ्या डोक्यात कधीच कसं आलं नाही...

"तुमी भैनीकडं गेल्ता तवा साह्यबानं दलाली पुढं केली. अब्बा म्हनले, पैसा नको, तार द्या. त्या साली आमच्या घरी ईदला कापडं झाली न्हाईत. अम्मी लई दिवस बोलली न्हाई त्यांच्यासंगं."

मी तारेला हात लावला. उन्हानं चांगली तापली होती. "पोट भरून" म्हणताना ते कसे हसायचे, ते आठवलं आणि मला रडू आवरेना.

युसूफची बायको ओल्या कपड्यांची बादली घेऊन मागे उभी होती. "मास्तर, जरा सरका," ती हळूच म्हणाली, "लेकरांची कापडं वाळू घालायचीत."

मी सरकलो.