पोरीवर उठणारा हात

देवावर माझा विश्वास होता, पण त्या वर्षी स्वतःवरचा पार उडाला होता. माझी मुलगी पूर्वा तेव्हा तीन वर्षांची. दूध सांडलं, हट्ट केला, की माझा हात उठायचा. माझे वडील आईला आणि आम्हा बहिणींना मारत. आपण असं कधी करायचं नाही, हे मी लग्नाआधीच ठरवलं होतं. तरी महाल वस्तीतल्या आमच्या भाड्याच्या खोल्यांत माझ्या पावलांची चाहूल लागली की पूर्वा पलंगाखाली शिरायची. यजमान उमरेडच्या खाणीत कामाला, आठवड्यातून एकदा येत. त्यांना हे सांगायचं धाडस मला झालं नाही. शेवटी तिला घेऊन रामटेक गाठलं. रामाला म्हटलं, माझा हात तूच आवर.

दर्शन घेऊन उतरताना पूर्वाच्या हातातला प्रसाद माकडानं हिसकावला. तिनं भोकाड पसरलं आणि मी, नुकतीच देवापुढून उठून आलेली मी, तिला चापट मारली. पायरीवर टेकलेल्या साठीच्या एक बाई उठल्या. वाटलं, आता चार शब्द सुनावतील. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"पोरगी घाबरून राहिली, अन् तू तिच्याहून जास्त. लहानपणी तुले मार बसे का वं?"

हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मी तिथंच बसून रडले.

त्या सुमनताई. आरोग्यसेविका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि राहायला महालातच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून! "गुरुवारी येऊ का घरी?" त्यांनी विचारलं. लाज वाटत होती, तरी मी हो म्हणाले.

पुढे दोन वर्षं त्या दर गुरुवारी आल्या. माझ्यासोबत भाजी निवडत, पूर्वाशी खेळत, आणि खेळताखेळता मला दाखवत. पोर रडलं की आधी त्याच्या उंचीला खाली बसायचं. राग चढला की हातातलं टाकून दुसऱ्या खोलीत जायचं. आपलं चुकलं तर पोरीची माफी मागायची. "तिनं नाही म्हटलं तं ऐकत जा," त्या म्हणत. "घरात कोणी ऐकलं नाही, तं बाहेर 'नाही' कशी म्हणन ते?" माझा हात एका दिवसात थांबला नाही. पण थांबला.

पूर्वा आता कॉलेजात आहे. एका मुलाशी तिची मैत्री होती, मला ठाऊक होतं. मागच्या महिन्यात ती भरदुपारी घरी आली आणि वळ उठलेलं मनगट माझ्यापुढे धरलं.

"आई, त्यानं माझा मोबाईल मागितला. मी नाही दिला, तं हात पिरगाळला."

"मग गं?"

"मग काय? सगळ्यांसमोर सांगितलं, आता आपलं संपलं. अन् सरळ तुझ्याकडे आली."

तिच्या वयात मी तो वळ ओढणीखाली झाकला असता, आणि चूक माझीच मानली असती. दुसऱ्या दिवशी दोघी जाऊन तिच्या प्राध्यापिकेला सगळं सांगून आलो. सुमनताईंनाही फोन करून कळवलं.

शरण जाणं म्हणजे देवापुढे डोकं टेकणं, असं मी समजत होते. माझ्या वाट्याला ते वेगळं आलं: आपलं सगळ्यात लाजिरवाणं एका परक्या बाईला बघू देणं. त्या संध्याकाळी पूर्वा पोटभर जेवली, काहीतरी आठवून हसली. मी ताट पुढ्यात तसंच ठेवून तिच्याकडे बघत राहिले.