उचलायचा न्हाय

बायको जाऊन आता बरीच वर्षं झाली. रडायचं ते रडून झालं. पण एक गोष्ट अजून घशात अडकून हाय, ती लिहून टाकतो. आमच्या घरात चार वर्षं दोन मोबाईल होते. एक तिच्याकडं, एक माझ्याकडं. रोज वाजायचे. आणि त्या चार वर्षांत फोनवर तिचा आवाज मी एकदाबी ऐकला न्हाय. पोरीनं ऐकला, जावयानं ऐकला, नेसरीला तिच्या भावजयीनं ऐकला. नवऱ्यानं न्हाय ऐकला.

मी रिक्षावाला. चौथी शिकलो, पुढं शाळा आणि मी दोघंबी एकमेकाला कंटाळलो. राजारामपुरीत आमचा स्टॉप. क्लासची पोरं, दवाखान्यात येणारी खेड्यातली माणसं, पिशव्या घेतलेल्या बायका, ही आमची गिऱ्हाइकं. खोली मागं दोन गल्ल्या सोडून. दुपारी एकला जेवायला घरी जायचं, हा माझा नेम. म्हणजे भाडं नसलं तर.

मोबाईल नव्हता तेव्हाचं सांगतो. सकाळी रिक्षाला किक मारली की मी गेलो. कुठं गेलो, कधी येणार, तिला पत्ता नसायचा. एकदा दवाखान्यातनं सोडलेल्या एका म्हाताऱ्याला त्याच्या गावी पोचवायला गेलतो, निपाणीच्या पुढं. येताना गाडी बंद पडली. मेस्त्री मिळेना. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात पाय ठेवला. मला वाटलं, रडून गल्ली गोळा केली असंल. ही शेंगा फोडत बसलेली.

"आलासा? हात धुवा."

"अगं, काल दुपारपासनं न्हाय मी घरात. काळजी वाटली न्हाय व्हय?"

"वाटली की. मग काय करू? रस्त्याव जाऊन बोंबलू?"

आणि ताट वाढलं. तिची काळजी अशी होती. पोटात ठेवायची आणि हातानं काम करायची.

मग पोरीचं लग्न झालं. चंदगडकडं, डोंगरात दिली. जावई काजूच्या कारखान्यात. पोरगी लांब गेली म्हणून मोबाईल आले. जावयानंच आणून दिले दोन, एकसारखे, काळे. हिला अक्षरओळख न्हाय. आकडे नोटेवरचे तेवढे कळायचे. मग पोरीनं युक्ती केली. दोनच्या बटणावर लाल टिकली चिकटवली, तीनच्या बटणावर हिरवी. लाल टिकली दाबून धरली की मी, हिरवी दाबून धरली की पोरगी. तीन दिवसांत ही तयार झाली. टिकली निघाली की नवी लावायची. कपाळाची आणि फोनची एकाच पाकिटातनं.

कायदा मी केला. त्या वेळी सगळेच करायचे. फोन करायचा, वाजला की तोडायचा, समोरच्यानं उचलायचा न्हाय. फुकटात निरोप. एक रिंग म्हणजे जेवाय या. दोन रिंगा म्हणजे येताना काहीतरी आणा. काय आणा ते सकाळच्या बोलण्यावरनं आपण ओळखायचं. तीन म्हणजे पावणं आलेत, लगेच या. माझ्याकडनं एक रिंग गेली की आलो, दोन गेल्या की तू जेवून घे.

हे सगळं मी बोटं मोजून तिला समजावलं. तिनं ऐकलं आणि विचारलं, "आणि बोलायचं कवा?"

"बोलायला घर हाय की."

मला माझं ते बोलणं एवढं पक्कं वाटलं, की मी स्टॉपवर जाऊन सगळ्यांना सांगितलं.

काही दिवसांतच आम्ही त्या रिंगांवर भांडायलाबी शिकलो. राग आला की ती एक रिंग द्यायची, तोडायची, परत एक, परत तोडायची. अशी सात-आठ वेळा. मी दोन देऊन गप करायचा. स्टॉपवरची माणसं दात काढायची.

"ए म्हाताऱ्या, बायको हाय का भोंगा?"

"तुझी तरी वाजवती का?"

"माझी वाजवत न्हाय. थेट स्टॉपवर येती."

हसायचो. पण खरं सांगतो, मला त्याची सवय लागली. बारा वाजले की खिशाकडं लक्ष. शर्टाच्या वरच्या खिशात असायचा फोन, वाजायच्या आधी थरथरायचा, ते छातीला कळायचं. एकदा घरी विसरला. बसस्टँडपर्यंत गेलो आणि छातीवर हात मारला तर खिसा मोकळा. रिक्षात दवाखान्याला निघालेली एक बाई. मी गाडी वळवली.

"अहो काका, कुठं निघालात? माझा नंबर जाईल!"

"दोन मिन्टं ताई. औषिध घरात राह्यलंय."

खोटं बोललो. फोनला औषध म्हणालो. घरी आलो तर फळीवर माझा फोन वाजतोय, आणि खाली ही बसलीय, हातात तिचा फोन, लाल टिकलीवर अंगठा.

"अगं, मी हितं न्हाय, फोन हितं हाय. वाजवतीस कुणाला?"

"वाजतोय का बघत व्हतो."

बायका आमच्याकडं अशाच बोलतात, बघत व्हतो, आलो, गेलो. मी फोन घेतला आणि पळालो.

जी बाई मी रात्रभर आलो न्हाय तरी शेंगा फोडत बसली, तीच आता मी दहा मिनिटं उशिरा आलो की दारात. एकच्या रिंगला माझी परत रिंग आली न्हाय की दुसरी, मग तिसरी. मी भाड्यात असायचा. गाडी चालवताना कुठं वाजवणार? घरी आलो की तोंड पडलेलं. मी म्हणायचा, ह्या डबड्यानं तुझा जीव बारीक केला. पण माझा किती बारीक झालाय ते मला दिसत नव्हतं.

आणि एक. कधी कधी तिचा फोन तुटायचाच न्हाय. चार रिंगा, पाच, सात. वाजतच राह्यचा. आठवड्यातनं एखाद्या वेळी तरी व्हायचं. ह्याचा कायद्यात काय अर्थ नव्हता. मी समजायचो, हिला फोन तोडायचं बटण सापडत न्हाय. घरी येऊन खेकसायचा, "तोडत जा की येळेवर. माणसं बघत्यात. चुकून मी उचलला, तर?"

"ऱ्हायलं बगा. अंगठा जाड हाय माझा."

असं म्हणून भाकरी उलटायची.

मग तिच्या किडन्या गेल्या. सरकारी दवाखान्यात तीन आठवडे. बायकांच्या वॉर्डात भेटायच्या वेळेशिवाय पुरुषांना बसू देत न्हाईत. मी खाली लिंबाच्या झाडाखाली रिक्षा लावून बसायचा. वरनं एक रिंग आली की मी दोन जिने चढून जायचा. सिस्टरच्या हातापाया पडायचं, आत जायचं.

"काय गं?"

"काय न्हाय. हायसा का बगितलं."

"हाय की खालीच. कुठं जातोय?"

"मग बरं."

परत खाली. अर्ध्या तासानं परत रिंग. त्या तीन आठवड्यांत मी किती जिने चढलो असंन. गुडघे बोंबलायचे. फोन उचलून "हाय गं खालीच" एवढं म्हणायचं एकदाबी डोक्यात आलं न्हाय. कायदा म्हणजे कायदा. एकदा सात-आठ रिंगा वाजला. मी धावत वर. तिचे डोळे मिटलेले, फोन उशीवर, कानाजवळ. मला बघून म्हणाली, "आलासा? उगंच चढलासा."

सकाळी दहाला गेली. मी जवळ होतो. तिचा हात माझ्या हातात होता. तेवढं एक बरं झालं. बुद्धविहारातली माणसं आली, सगळं नीट झालं. पोरीनं आईचा फोन मागितला, मी देऊन टाकला. माझ्याकडं ठेवून मी काय करणार होतो? त्यातनं मला वाजवणारं कोण होतं?

सहा-सात महिने गेले. एक दिवस दुपारी एकटा जेवताना माझ्या ध्यानात आलं, की तिचा आवाज मला आठवत न्हाय. बोलणं आठवतंय. हात धुवा आठवतंय. ऱ्हायलं बगा आठवतंय. पण ते सगळं माझ्याच आवाजात डोक्यात येतंय. घास तसाच ठेवला. डोळे मिटून बसलो, तोंड आठवलं, नाकातली चमकी आठवली. आवाज न्हाय. स्टॉपवर एकानं नातवाचं रडणं फोनमध्ये भरून ठेवलंतं, दिवसातनं चार वेळा सगळ्यांना ऐकवायचा. आम्ही त्याला शिव्या द्यायचो. त्या दिवशी मी त्याच्याकडनं ते मागून ऐकलं. नुसतं बघायला, की आवाज भरला तर कसा राहतो.

दुसऱ्या दिवशी एसटीत बसलो आणि पोरीकडं गेलो. गाडी नेसरीला थांबली. हिच्या माहेरचं गाव. माणसं चढली, उतरली. मी खिडकीतनं बाहेर बघितलं न्हाय.

पोरगी मला बघून घाबरली. "आबा, न सांगता? फोन करायचा न्हाय व्हय?"

"लावलता. लागला न्हाय."

"हितं कुठला लागायला. हितं रेंज न्हाय. सांजचं माळाव जावं लागतंय."

मला हे ठाऊकच नव्हतं. पोरगी दर रविवारी आईला फोन करायची एवढं ठाऊक. मी तेव्हा भाड्यावर. कुठनं करती, कशी करती, कधी विचारलंच न्हाय.

संध्याकाळी ती मला वर घेऊन गेली. भातं कापून झालती, वाट सुकी होती. अर्धी वाडी आमच्याबरोबर चढत होती, बाजाराला निघाल्यासारखी. वर काजूची झाडं, आणि मधे मोकळा माळ. तिथं पंचवीस-तीस माणसं उभी, प्रत्येकाची जागा ठरलेली, प्रत्येकाच्या कानाला फोन आणि सगळी ओरडत होती. एकजण गोव्यातल्या पोराला सांगत होता, म्हैस व्याली, म्हैस, म्हैस! एक बाई बेळगावच्या बहिणीशी कानडीत भांडत होती. एक नवी नवरी सगळ्यांकडं पाठ करून झाडाच्या सालीशी बोलल्यासारखी कुजबुजत होती. दिवसभर मुक्या असलेल्या वाडीला तिथं तोंड फुटत होतं. मी कोल्हापुरात राहून असलं काय बघितलं नव्हतं.

पोरगी एका झाडाजवळ थांबली. "हितं उभारून बोलायचो मी आईसंगं."

मी त्या जागेकडं बघितलं. गवत तुडवून तुडवून जमीन दिसायला लागलती.

"काय बोलायचासा दोघी?"

"सगळं."

"म्हंजे काय? नीट सांग."

"तुमचंच जास्त, आबा. आज काय जेवला, कुणासंगं भांडून आला. न्हायतर रिंगांचं. आज सात रिंगा दिल्या म्हणायची. सातव्याला वाटलं उचलत्यात. न्हाय उचलला."

मला कळायला वेळ लागला. "तिचा अंगठा जाड हुता. बटण सापडायचं न्हाय तिला."

"आबा, शेंगदाण्यातला खडा हुडकायची ती बोटानं. तिला बटण सापडत नव्हतं?"

"मग कशाला वाजवत ठेवायची?"

"तुमी उचलावा म्हणून."

"उचलून काय करायचं हुतं?"

"बोलायचं हुतं. दुसरं काय करत्यात फोनवर?"

"काय बोलायचं हुतं तिला?"

"ते मीबी इचारलंतं. म्हणाली, उचलला की सुचंल."

मला राग आला. पोरीचा, तिचा, माझा, कुणाचा ते कळंना. मी ओरडलो, "मला सांगायचं की! शेजारी झोपत हुती रोज, तोंडानं सांगायचं की!"

तिथं सगळीच ओरडत होती म्हणून कुणी वळून बघितलं न्हाय.

"काय सांगणार?" पोरगी हळू म्हणाली. "तुमी काय म्हणाला असता ते तिला ठावं हुतं. मलाबी ठावं हाय."

मलाबी ठाऊक होतं.

पोरगी सासूचा निरोप कुणाला तरी द्यायला दोन झाडं पलीकडं गेली. मी खिशातनं फोन काढला. उगंच. बघितलं तर रेंजच्या दांड्या येत होत्या, जात होत्या. हातात धरून उभा राहिलो. जवळच एका दगडावर एक म्हातारी बसलीती, माझ्याच वयाची असंल, मुंबईला लेकाशी बोलून झालंतं तिचं. ती मला बराच वेळ बघत होती.

"पावणं, लागंना व्हय?"

मी म्हणालो, "न्हाय लागत."

"तितं उभारून लागणार न्हाय. हितं या. ह्या दगडाव समद्यांचं लागतंय." ती गुडघ्यावर हात टेकून उठली, पदरानं दगड पुसला. "बसा. लाजतासा कशाला?"

तिला काय सांगायचं? गेलो आणि बसलो. ती बाजूला उभी राहिली, माझा लागतो का बघायला. नंबर कुणाचा लावणार? तसाच फोन कानाला धरला. आत काहीच नव्हतं. समोर खाली वाडीतनं धूर वर येत होता. पोरगी लांबनं माझ्याकडं बघत होती, तिनं तोंड फिरवलं.

"मी बोलतोय," मी म्हणालो. "पोरीकडं आलोय."

"मोठ्यानं बोला पावणं," म्हातारी म्हणाली. "पलीकडं ऐकू जात न्हाय."

मग मोठ्यानं बोललो.