टेराकोटा म्हणजे गेरूच

टेराकोटा रंगाचा हॉल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यापुढं मोबाईलमधला बंगला आला असन. पुसून टाका तो. वर्ध्यातल्या आमच्या हॉलले आईले फिका गुलाबी पायजे होता, हा मीच हट्टानं लावला. आता जो येते तो भिंतीले हात लावून विचारते, "गेरू मारला का? रंग कधी देता?" आठ दिवस तेच ऐकून डोकं उठलं माह्यं. काल शेजारची काकू हेच विचारून गेली, तं मी नाक वर करून तिची हुबेहूब नक्कल केली. बाबा हसले. आई नाई हसली.

"जलमभर मातीच्या भिंती सारवल्या म्या. पक्क्या घरात आली, तं तू डब्यात भरून मातीच आणली. काकूले काऊन हसून राह्यला रे? चुकीचं काय बोलली ते?"