पुस्तकातली बारीक टीप

नातीच्या इंग्रजी व्याकरणाच्या नव्या पुस्तकात एका वाक्याखाली बारीक टीप आहे: ‘आता असंही म्हणतात.’ मी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. शाळेत शिकवताना अशाच वाक्यांवर मी तीस वर्षं लाल रेघ मारली. ज्याचं चुकेल त्याने दुरुस्त वाक्य वर्गासमोर दहादा म्हणायचं, ही माझी शिस्त. शेवटच्या बाकावरची कमल सातव्यांदा म्हणताना रडली. नंतर तिने कधी हात वर केला नाही. इंग्रजी मात्र लोकांच्या तोंडी हळूहळू बदलत गेली. मला कुणी विचारलंही नाही.

“आजोबा, मग आधी हे चूक का होतं?” नातीने विचारलं.

“चूक नव्हतं गं. मला तसं वाटायचं.”

हे वाक्य मी आता दहादा म्हटलं, तरी कमलला ऐकू जाणार नाही.